लग्नाचा बुके आणि बांधावरची कुर्डू

गैरसमज : रानफुलं फुकटच असतात, अंजनेरीला गाडी काढली की झालं.

कृपा करून असं करू नका. अंजनेरीचा डोंगर 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. 2006 मध्ये वर्णन झालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती तिथलीच. आपल्या निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातली फुलंही तोडायची नसतात. शिवाय सह्याद्रीची बहुतेक रानफुलं श्रावण-भाद्रपदात फुलतात आणि मुहूर्त निघतात तुळशीच्या लग्नानंतर. तोवर डोंगर वाळू लागलेला असतो. बुकेची फुलं परसात पेरावीत.

गैरसमज : रानफूल तासाभरात मान टाकतं.

तेरड्यापुरतं हे खरंच आहे, त्याचा देठ पाणीदार. कुर्डूचं तसं नाही. टोकाला गुलाबी, खाली रुपेरी असा तिचा तुरा बोटांनी चाचपला तर कागदासारखा खरखरतो, कारण पाकळ्या मुळातच कोरड्या असतात. जांभळ्या गोंड्यांचा गोम्फ्रेनाही असाच. पहाटे कापा, खालची पानं ओरबाडून काढा, बादलीभर स्वच्छ पाण्यात सावलीत ठेवा आणि मग सुतळीने बांधा. लग्न आटोपल्यावर कुर्डूचे तुरे मात्र शेतात फेकू नका. त्यातलं काळं चकचकीत बी सांडलं, की कांद्यात खुरपणी वाढलीच.

गैरसमज : बी कधीही टाका, उगवतंच.

निफाडच्या थंडीत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो, तेव्हा कॉसमॉस, झिनिया करपतात. या दोघांना फुलायला साधारण दोन महिने लागतात, कुर्डू आणि गोम्फ्रेनाला तीनेक. म्हणून नोव्हेंबरअखेरच्या लग्नासाठी पेरणी ऑगस्टअखेर उरकावी. माघ-फाल्गुनातल्या लग्नाला ऑक्टोबरात ॲस्टर आणि जिप्सोफिला लावा, त्यांना गारवा मानवतो. मे महिन्यासाठी थंडी सरताच झिनिया.

वाफा द्राक्षबागेला खेटून नको. छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, औषध वाऱ्याने उडून फुलांवर बसतं आणि बुके तर करवल्यांची पोरं नाकाला लावतात.

गैरसमज : जिप्सोफिला महाग, गाजर गवताची पांढरी फुलं तशीच दिसतात.

दिसतात, पण हातही लावू नका. 1955 मध्ये पुण्यात नोंदलेलं हे परदेशी तण अंगाला खाज आणतं, दम्याचा त्रासही वाढवतं.

गैरसमज : सगळी फुलं घरचीच हवीत.

एवढा हट्ट कशाला? मधोमध जानोरी-मोहाडीकडचे चार गुलाब विकत घ्या, भोवतीचा भरणा आपल्या वाफ्यातला.