करारपत्राची भाषा

दिलसुखनगरात संगणक शिकविणारे वर्ग पुष्कळ. तेथल्या विद्यार्थ्यालाही हे कोडे पडावे : वेबसेवा चालू, वर्णनपत्र हाती, तरी आपले साधन ते का नाकारते?

श्रोतेहो, डब्ल्यूएसडीएल हे वर्णनपत्र म्हणजे दोन यंत्रांमधील करारपत्रच होय. २००१ सालच्या १.१ आवृत्तीने संदेश बांधण्याच्या अनेक रीतींना मुभा दिली. २००४ च्या ‘बेसिक प्रोफाइल’ने त्यांपैकी ‘एन्कोडेड’ रीत वर्ज्य ठरविली. जावाचे ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ ती स्वीकारीत नाही. तेव्हा पत्रात ‘युज’पुढे ‘लिटरल’ आहे की ‘एन्कोडेड’, हे आधी पाहावे. केवळ शब्द खोडून भागत नाही. सेवा जुनीच भाषा बोलत राहते. एक तर सेवेची रीत बदलून घ्यावी, नाही तर ती भाषा जाणणारे जुने साधन घ्यावे. करार दोन्ही पक्षांना वाचता आला, तरच तो करार!