सबमिट दाबल्यानंतर : जेक्वेरीच्या वर्षांचा मागोवा

जानेवारी २००६मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी लोकांसमोर ठेवली. वेबपानं लिहिणाऱ्यांना तेव्हा सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न एकच होता : एका ब्राउझरमध्ये चाललेलं दुसऱ्यात चालेल का? इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१च्या ऑगस्टमध्ये आली आणि पुढची पाच वर्षं मायक्रोसॉफ्टने नवी आवृत्ती काढलीच नाही. फायरफॉक्स २००४च्या अखेरीस आला होता, मॅकवर सफारी होता आणि ऑपेराचा संसार वेगळाच होता. फॉर्म कसा पाठवायचा आणि पान न बदलता सर्व्हरशी कसं बोलायचं, याचा अर्थ या चौघांनी आपापल्या परीने लावला होता. जेक्वेरीच्या आटोपशीर, देखण्या वाक्यरचनेवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला तिचं मोठेपण दिसतं ते तिने पोटात घेतलेल्या ब्राउझरांच्या खोडींमध्ये. या खोडी सगळ्यात जास्त त्रास द्यायच्या त्या फॉर्मपाशी.

असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. पान न बदलता सर्व्हरला विनंती पाठवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९मध्ये एक्सप्लोरर ५ मध्ये आणली. आउटलुकची वेब आवृत्ती चालवण्यासाठी ती हवी होती आणि ती अ‍ॅक्टिव्हएक्सचा घटक म्हणून आली. मोझिलाने तीच कल्पना घेऊन ब्राउझरमध्येच स्वतःची वस्तू (ऑब्जेक्ट) बांधली, मग इतरांनी त्यांचं पाहून केलं. २००४मध्ये जीमेल आणि २००५च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला अ‍ॅजॅक्स हे नाव दिलं. पण या वस्तूने कसं वागावं, याचा वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा पहिला मसुदा निघाला एप्रिल २००६मध्ये. म्हणजे सात वर्षं वापर आधी आणि नियम नंतर, असा कारभार चालला. प्रत्येक ब्राउझरने कोपऱ्यातले प्रश्न स्वतःच्या अंदाजाने सोडवले आणि ते अंदाज जुळले नाहीत.

ते कसे जुळले नाहीत, हे पाहायचं असेल तर जेक्वेरीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमधलं, विनंती यशस्वी झाली की नाही हे ठरवणारं काही ओळींचं फंक्शन वाचावं. सर्व्हरने २०४ असा कोड पाठवला, म्हणजे 'काम झालं, परत पाठवायला काही नाही' असं सांगितलं, की एक्सप्लोरर कधीकधी तो १२२३ म्हणून हाती द्यायचा. नोंद खोडण्याची विनंती केली की सर्व्हरकडून बहुधा २०४च यायचा. त्यामुळे नोंद डेटाबेसमधून गेलेली असायची आणि पडद्यावर मात्र 'चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा' असं झळकायचं. 'पान बदललेलं नाही' हे सांगणारा ३०४ आला की ऑपेरा त्या जागी शून्य द्यायचा. सफारीकडून कधी कोडच यायचा नाही. या प्रत्येक खोडीसाठी त्या फंक्शनमध्ये एकेक अट होती आणि शेजारी कारण सांगणारी छोटी टीप. जुन्या मोझिलाने पाठवलेली मजकुराची लांबी चुकीची असायची, म्हणून जोडणी बंद करायला सांगणारा एक हेडर मुद्दाम जोडलेला असे. सॅम स्टीफन्सन यांच्या प्रोटोटाइप या थोड्या आधीच्या लायब्ररीतही तोच उपाय होता, तोही मोझिलाच्या बगचा क्रमांक देऊन. एक्सप्लोरर ७ मध्ये अ‍ॅक्टिव्हएक्सविना चालणारी वस्तू आली खरी, पण तिला संगणकावरच्या स्थानिक फाइली वाचता येत नव्हत्या. म्हणून जेक्वेरी तिथेही जुनी अ‍ॅक्टिव्हएक्सच आधी धरायची.

हे काम कुणाला किरकोळ वाटेल. माझ्या मते वेबच्या त्या दशकातलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच होतं. टीप लिहिणाऱ्याने आधी खोड पकडली, मग ती लहानशा नमुन्यात उभी करून दाखवली आणि तिच्यासाठी टेस्ट लिहिली. आपण मात्र एका ओळीत विनंती पाठवून मोकळे होत होतो.

सगळ्या खोडी लायब्ररीच्या पोटात मावणाऱ्या नव्हत्या. फॉर्म अ‍ॅजॅक्सपेक्षा कितीतरी जुना आणि त्याचे स्वतःचे रिवाज होते. एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत सबमिटचा इव्हेंट फॉर्मवरून वर चढतच नसे. त्यामुळे पानावर नंतर आलेल्या फॉर्मांवर एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवणं अशक्य होतं. जानेवारी २०१०च्या १.४ आवृत्तीत जेक्वेरीने यावर वेगळीच वाट काढली. बटणावरची क्लिक आणि मजकुराच्या रकान्यातली एंटर यांवर लक्ष ठेवून ती सबमिटचा अंदाज बांधू लागली. बटण या टॅगला प्रकार दिला नसेल तर बाकीचे ब्राउझर त्याला सबमिट समजत, एक्सप्लोरर ७ मात्र साधं बटण. परिणामी एकाच पानावर फायरफॉक्समध्ये फॉर्म जायचा आणि एक्सप्लोररमध्ये काहीच व्हायचं नाही.

त्याहून फसवी होती फॉर्ममधले रकाने गोळा करून देणारी सोय. ती नाव नसलेले आणि बंद केलेले रकाने सोडून द्यायची. खूण न केलेले चेकबॉक्सही सोडायची. फॉर्मच्या नियमाप्रमाणे हे बरोबरच होतं. पण दाबलेलं बटणही ती सोडून द्यायची, कारण कोणतं बटण दाबलं हे तिला ठाऊकच नसे. फॉर्मवर 'जतन करा' आणि 'मसुदा ठेवा' अशी दोन बटणं असली आणि दाबलेल्या बटणाच्या नावावरून सर्व्हर निर्णय घेत असला, की अ‍ॅजॅक्स जोडल्याबरोबर त्याचा गोंधळ व्हायचा. माइक ऑलसप यांच्या फॉर्म प्लगइनने दाबलेलं बटण आधीच टिपून ठेवून तो सोडवला. चित्राचं बटण असेल तर क्लिक नेमकी कुठे पडली, हेही ते पाठवायचं.

आणखी एक अडचण आजही भेटते. बटणाला नाव म्हणून 'सबमिट' हाच शब्द दिला, की फॉर्मची त्याच नावाची पद्धत झाकली जाते आणि 'सबमिट हे फंक्शन नाही' असा संदेश येतो. जेक्वेरीच्या दस्तऐवजात याचा इशारा स्पष्ट दिलेला होता. पण दस्तऐवज लोक उघडायचे ते काही मोडल्यावर.

फाइल पाठवायची असली तर अ‍ॅजॅक्सची वाट बंदच होती. तेव्हाची वस्तू फाइल उचलूच शकत नसे. मग लपवलेल्या आयफ्रेममध्ये खरा फॉर्म पाठवायचा आणि आलेलं उत्तर तिथून वाचून घ्यायचं. उत्तर जेसॉन म्हणून आलं, तर ते दाखवण्याऐवजी ब्राउझर 'ही फाइल जतन करायची का' असं विचारी. म्हणून तेच उत्तर एचटीएमएलच्या वेषात, टेक्स्टएरियामध्ये गुंडाळून पाठवायचं. एक्सप्लोररसाठी तरी दहावी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१२पर्यंत, बहुधा हाच उपाय वापरावा लागे.

मराठी वापरणाऱ्यांचा यात वेगळा हिशोब होता. अ‍ॅजॅक्सने पाठवलेला मजकूर यूटीएफ-८मध्ये जातो. साधा फॉर्म पानाच्या एन्कोडिंगमध्ये जातो. पान लॅटिन-१ असेल तर त्यात न बसणाऱ्या 'प'च्या जागी ब्राउझर २३४६ हा आकडा असलेला संकेत भरून पाठवी. मग एकाच माणसाचं नाव डेटाबेसमध्ये दोन रूपांत जाऊन बसायचं : साध्या फॉर्ममधून आलेलं एका तऱ्हेने, अ‍ॅजॅक्समधून आलेलं दुसऱ्या. मायएसक्यूएल या डेटाबेसचं मूळ एन्कोडिंग आठवी आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१ होतं. ते न बदललेल्या ठिकाणी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटत. दोष जावास्क्रिप्टवर ढकलला जाई आणि तो असायचा तीन थर खाली.

लांबीचाही प्रश्न होता. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं आणि वेबपत्त्यात घालताना त्याची नऊ अक्षरं होतात. 'पुणे' लिहायला छत्तीस लागतात. एक्सप्लोररला वेबपत्त्यासाठी २०८३ अक्षरांची मर्यादा होती. मजकूर पत्त्यातच जोडणाऱ्या गेट पद्धतीने मराठी पाठवलं तर अवघ्या २३० चिन्हांच्या आसपास ती संपे. इंग्रजीत चोख चाललेला शोधाचा फॉर्म मराठीत तुटायचा तो इथे. रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या लेखकांनाही एक्सप्लोररच्या एन्कोडिंगशी झगडावं लागलं. २०१०च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी प्रत्येक फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना घातला आणि त्यात बरोबरची खूण ठेवली. ती लॅटिन-१मध्ये बसत नाही, त्यामुळे एक्सप्लोररला यूटीएफ-८ वापरावंच लागे.

दोष शोधायची साधनं सुरुवातीला तुटपुंजी होती. अलर्ट हा पहिला आधार. मग २००६मध्ये जो हेविट यांचं फायरबग आलं आणि विनंतीत काय गेलं, उत्तरात काय आलं, हे फायरफॉक्समध्ये डोळ्यांनी दिसू लागलं. एक्सप्लोररसाठी एरिक लॉरेन्स यांचं फिडलर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून सगळी वाहतूक दाखवायचं. एक्सप्लोररच्या आठव्या-नवव्या आवृत्तीत तर डेव्हलपर साधनं उघडल्याशिवाय कन्सोलच अस्तित्वात नसे. कोडमध्ये कन्सोलची एक ओळ राहून गेली, की पान ग्राहकाकडे बंद पडे आणि आपण तपासायला साधनं उघडली की सुरळीत चाले. एक्सप्लोरर ७ मध्ये ऑब्जेक्टमधल्या गुणधर्मांच्या यादीच्या शेवटी राहिलेला एक स्वल्पविराम अख्खी स्क्रिप्ट पाडायचा. मग फॉर्म अ‍ॅजॅक्सशिवायच जायचा आणि उत्तर जेसॉन असेल तर वापरणाऱ्याला फाइल जतन करायला सांगणारी खिडकी दिसायची. ती खिडकी पाहून 'अ‍ॅजॅक्स मोडलं' असं वाटायचं. खरं तर अ‍ॅजॅक्स जोडलंच गेलेलं नसायचं. चांगला तपासनीस लक्षणावरून थर ओळखी : इव्हेंट लागला का, विनंती गेली का, सर्व्हरने काय दिलं, ब्राउझरने ते कसं वाचलं. एक्सप्लोररला गेटची उत्तरं साठवून ठेवायची सवय होती. नवी नोंद केल्यावरही जुनीच यादी दिसे, आणि फिडलरमध्ये पाहिलं तर विनंती बाहेर पडलेलीच नसे. पत्त्याच्या शेवटी वेळेचा आकडा जोडला की हा प्रश्न सुटे. जेक्वेरीत ती सोय एका पर्यायात होती.

लायब्ररी सुधारली तशी तीही कधी कारण झाली. १.४मध्ये जेसॉनची तपासणी कडक झाली आणि हाताने जोडलेलं ढिसाळ जेसॉन, जे आधी खपत होतं, ते एकाएकी नाकारलं जाऊ लागलं. त्याच आवृत्तीपासून अनेक किमतींच्या रकान्याच्या नावाला चौकोनी कंस लागू लागले. ते पीएचपी आणि रेल्सला सोयीचे होते, तशी अपेक्षा नसलेल्या सर्व्हरना मात्र तो रकाना रिकामा दिसे. दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला वाटतं. पण आवृत्ती बदलताना बदलांची यादी कुणी वाचत नसे.

एप्रिल २०१३च्या २.० आवृत्तीने एक्सप्लोरर ६, ७ आणि ८ सोडून दिले. २०१५पासून ब्राउझरांमध्ये विनंती पाठवण्याची फेच ही नवी सोय येऊ लागली. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर ११चा डेस्कटॉपवरचा आधार थांबवला. १२२३च्या अटीची आज गरज उरलेली नाही. फॉर्मचे रिवाज मात्र जसेच्या तसे आहेत. दाबलेलं बटण आजही आपोआप गोळा होत नाही. टेक्स्टएरियातली नवी ओळ पानावर एक अक्षर मोजली जाते आणि सर्व्हरकडे दोन होऊन पोचते. शिवाय फेच ४०४ किंवा ५०० आलं तरी स्वतःहून चूक मानत नाही, ते आपल्याला तपासावं लागतं. जेक्वेरी मात्र अशा उत्तराला सरळ चुकीच्या बाजूला टाकायची.

म्हणून जुन्या चालत्या फॉर्ममधून जेक्वेरी काढायला बसणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आधी ती आपल्यासाठी काय काय करत होती, याची यादी करा. मग नवा फॉर्म माउसला हात न लावता एंटर दाबून पाठवून पाहा, दोन्ही बटणांनी पाठवा, चार ओळींचा मराठी पत्ता भरा, सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून पडद्यावर काय दिसतं ते बघा. लायब्ररीचा जुना कोड टिपांसकट आजही सगळ्यांसाठी खुला आहे. यादी करताना तो शेजारी उघडा ठेवा.