लिनक्सवर आवाज कुठे अडतो? उबंटूमधील ध्वनी सेटिंग्ज

या पाठात आपण उबंटू लिनक्सवरील आवाजाची सेटिंग्ज पाहणार आहोत. आवाज कमी-जास्त करायला पाठ कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण आवाज आला नाही तर काय थांबते, ते आधी पाहू.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे उदाहरण घ्या. साधारण दहा मिनिटांचा एक पाठ असतो. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीत असते आणि समजावणारा आवाज मराठी, हिंदी, तमिळ अशा आपापल्या भाषेत असतो. एका खिडकीत पाठ लावायचा, शेजारच्या खिडकीत तेच सॉफ्टवेअर उघडायचे आणि ऐकत ऐकत करून पाहायचे, अशी ती पद्धत आहे. समोर विषयाचा जाणकार शिक्षक नसला तरी चालावे, हा तिचा हेतू. रायपूर, भिलाई, बिलासपूरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत. त्या घरातल्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या लॅबमध्ये बसून हा पाठ मराठीत ऐकता येतो. मात्र त्याचा हेडफोन मुका राहिला, तर समोर उरतो तो फक्त इंग्रजी मेनू.

अशा वेळी बहुतेक जण आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढतात, मग संगणक बंद-चालू करतात आणि शेवटी ‘लिनक्सवर आवाजच चालत नाही’ असे ठरवून मोकळे होतात. खरे तर आवाज वाटेत एका ठराविक जागी अडलेला असतो.

आवाजाची वाट

घरातल्या पाण्याची लाइन आठवा. गच्चीवरच्या टाकीजवळ एक कॉक, मजल्यावर दुसरा आणि मोरीत नळ. यातला एकही बंद असेल तर बाकीचे कितीही उघडा, बादली कोरडीच. लिनक्सवर आवाजाचेही असेच आहे. पहिला कॉक त्या-त्या प्रोग्रामचा, म्हणजे फायरफॉक्समधल्या व्हिडिओखालची पट्टी. दुसरा साउंड सर्व्हरचा. तिसरा अल्साचा, म्हणजे कर्नेलमध्ये बसून साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या भागाचा. आणि शेवटी जॅक, वायर, स्पीकर.

यातला साउंड सर्व्हर नीट समजून घेण्यासारखा आहे. अल्सा हा प्रकल्प १९९८ मध्ये यारोस्लाव्ह कायसेला यांनी सुरू केला आणि कर्नेलच्या २.६ या आवृत्तीपासून तो लिनक्सची अधिकृत ध्वनिव्यवस्था झाला. पण एकाच वेळी व्हिडिओ वाजतोय, मेसेजची टिंग वाजतेय आणि ऑनलाइन तासही चालू आहे, अशा वेळी कोणाचा आवाज किती आणि कुठे पाठवायचा, हे ठरवायला वरती एक वाटाड्या लागतो. उबंटूमध्ये २००८ च्या ८.०४ आवृत्तीपासून हे काम पल्सऑडिओ करत आले. २२.१० पासून ते पाइपवायरकडे आले. २४.०४ वापरत असाल तर तुमच्याकडे पाइपवायर आहे आणि २२.०४ असेल तर आवाजासाठी पल्सऑडिओ. सुदैवाने पाइपवायर जुन्या पल्सऑडिओची भाषा बोलतो, त्यामुळे खाली सांगितलेली साधने दोन्हीकडे चालतात.

सेटिंग्जमधला साउंड विभाग

सेटिंग्ज उघडून डावीकडे साउंड निवडा. आउटपुटखाली आवाज बाहेर कुठून पडणार ते साधन दिसते, इनपुटखाली माइक. टेस्टचे बटण दाबले की डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा तपासता येतो. व्हॉल्यूम लेव्हल्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामची स्वतंत्र पट्टी असते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: साउंड सर्व्हर प्रत्येक प्रोग्रामची मागची पातळी लक्षात ठेवतो. लॅबमध्ये आधी बसलेल्याने त्याच लॉगिनवरून फायरफॉक्स म्यूट केला असेल, तर आज तुमच्यासाठीही तो म्यूटच उघडेल, मुख्य पट्टी भरलेली असली तरी.

पट्टीवरचे टक्के फसवे असतात. ५० टक्के म्हणजे निम्मा आवाज, असे नव्हे. पल्सऑडिओ आणि पाइपवायर पट्टीवरच्या आकड्याचा घन करतात. निम्म्याचा घन एक अष्टमांश, म्हणून ५० टक्क्यांना ध्वनिलहरीची उंची आठव्या हिश्शावर येते. डेसिबलमध्ये सुमारे उणे १८. कानाला सहज वाटावे म्हणूनच ही योजना आहे. पण मुख्य पट्टी निम्म्यावर आणि प्रोग्रामचीही निम्म्यावर असेल, तर एकूण उणे ३६ डेसिबल होतात, म्हणजे लहर चौसष्टाव्या हिश्शावर. ‘दोन्ही अर्धे तरी आहेत, मग ऐकू का येत नाही’ याचे उत्तर हे.

पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे नेण्याची सोयही आहे. तिला ओव्हर-अँप्लिफिकेशन म्हणतात, २२.०४ मध्ये ती साउंड विभागातच आहे, तर २४.०४ मध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या हिअरिंगखाली. १५० टक्क्यांना लहर जवळपास ३.४ पट होते. रेकॉर्डिंग मुळातच हळू असेल तर याचा उपयोग होतो. ते आधीच मोठे असेल तर लहरींचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. माझे मत विचाराल तर ही सोय बंदच ठेवावी आणि एखाद्या हळू पाठापुरतीच उघडावी.

प्रोजेक्टर जोडला आणि आवाज गेला

वर्गात सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट ही. सेमिनारसाठी लॅपटॉप एचडीएमआय केबलने प्रोजेक्टरला जोडला, चित्र आले, आवाज गेला. एचडीएमआयची केबल चित्राबरोबर आवाजही नेते. सिस्टीमने नवे साधन पाहून आवाज तिकडे वळवला, आणि प्रोजेक्टरला स्पीकरच नाही. साउंड विभागात आउटपुट बदलून पुन्हा लॅपटॉपचे स्पीकर निवडा, बहुतेक वेळा काम होते.

तेवढ्याने भागले नाही तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हा छोटा प्रोग्राम सॉफ्टवेअर सेंटरमधून घ्या. हा लॅबच्या प्रत्येक संगणकावर आधीच टाकून ठेवावा. त्यातल्या प्लेबॅक टॅबमध्ये एकेका प्रोग्रामचा आवाज वेगळ्या साधनाकडे वळवता येतो. कॉन्फिगरेशन टॅबमध्ये कार्डाचे प्रोफाइल असते, आणि गोम बहुधा इथेच असते. अनेक लॅपटॉपांत एचडीएमआय आणि साधे स्पीकर ही एकाच कार्डाची दोन प्रोफाइल असतात. एक निवडले की दुसरे यादीतून गायब. नुसते एचडीएमआय आउटपुटचे प्रोफाइल निवडले तर माइकसुद्धा नाहीसा होतो आणि माणूस माइक बिघडला म्हणून दुकानात जातो. ॲनालॉग स्टीरिओ ड्युप्लेक्स हे प्रोफाइल निवडले की स्पीकर आणि माइक दोन्ही परत येतात.

तरीही शांतता असेल तर खालच्या मजल्यावर उतरा. टर्मिनल उघडून अल्सामिक्सर असे छोट्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. एफ-६ दाबून खरे साउंड कार्ड निवडा. उभ्या पट्ट्यांच्या तळाशी दोन एम अक्षरे दिसली तर ती वाट बंद आहे. दोन शून्ये म्हणजे चालू. बाणाने पट्टीवर जाऊन एम दाबले की ती उघडते. एफ-४ ने माइकच्या पट्ट्या दिसतात. ऑटो-म्यूट मोड नावाची खूण दिसली तर तिचा अर्थ असा की हेडफोन खोचल्याबरोबर स्पीकर आपोआप बंद होतात. जॅक सैल किंवा खराब असेल तर हेडफोन काढल्यावरही तो आत आहे असेच कार्ड समजते.

वायरबद्दल थोडेच सांगतो. मोबाइलच्या हेडफोनला एकच पिन असते, जुन्या डेस्कटॉपला ऐकण्याचा आणि माइकचा जॅक वेगळा. तो हेडफोन हिरव्या जॅकमध्ये खोचला तर ऐकू येईल, बोलणे जाणार नाही. यावर सेटिंग नाही. एकाची दोन तोंडे करणारी छोटी वायर घ्यावी लागते.

ब्लूटूथ आणि बोलणे

ऑनलाइन तासाला बसलात, शिक्षकांचा आवाज स्पष्ट येतोय. तोंडी परीक्षेसाठी तुम्ही माइक सुरू केला आणि सगळ्यांचेच आवाज डब्यातून आल्यासारखे झाले. हा नेटचा दोष नाही. ब्लूटूथ हेडफोनला दोन प्रोफाइल असतात. ए-टू-डी-पी हे फक्त ऐकण्यासाठी, त्यात आवाज भरघोस असतो पण माइक नसतो. एच-एफ-पी हे फोनवर बोलण्यासाठी. त्यात माइक मिळतो, पण दोन्ही बाजूंचा आवाज सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुन्यांवर येतो. साध्या संगीताचा दर ४४.१ किंवा ४८ हजार असतो, त्यावरून फरक लक्षात येईल. उपाय सोपा आहे: आउटपुट ब्लूटूथवर राहू द्या आणि इनपुटमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. हेडफोन ए-टू-डी-पीवर राहतो. तोंडी परीक्षेआधी हे करून पाहा, परीक्षेत नको.

रेकॉर्डिंग करताना

तुमच्यापैकी काही जण पुढे स्वतःच्या भाषेत पाठ रेकॉर्ड करतील. इनपुटची पट्टी १०० वर नेऊ नका. नेहमीच्या आवाजात दहा सेकंद बोलून ऑडॅसिटीत पाहा: सर्वांत मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान हवा. शून्याला टेकला की तो शब्द फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. रायपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून बोला म्हणणे कठीण आहे, हे मान्य; पण सकाळी सहाला दहा मिनिटे तो बंद ठेवता येतो. पंख्याचा आवाज सतत एकसारखा असल्याने ऑडॅसिटी तो बराच कमी करते, कूलरच्या पाण्याची टपटप मात्र राहते. मागे बारीक गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. सॉकेटला अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण माइकच्या वायरीत उतरते.

स्वाध्याय

१. मुख्य पट्टी ५० टक्के आणि प्रोग्रामची १०० टक्के असताना आवाज किती डेसिबलने कमी होईल? दोन्ही २५ टक्के असतील तर?

२. शेजारच्या मित्राला तुमच्या संगणकावरचा आवाज कुठेतरी एकाच जागी बंद करायला सांगा. कुठे केला ते त्याने सांगू नये. तुम्ही संगणक पुन्हा सुरू न करता शोधा आणि कोणत्या क्रमाने गेलात ते वहीत लिहा.