खलाशाची पिशवी: गलबतावर जाणाऱ्या पात्राचं किट

मागच्या भागात आपण खलाशी पात्र कागदावर उभं केलं. आज त्याची पिशवी भरू या. आपल्यात इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकठिकाणचे खेळाडू आहेत, म्हणून सगळ्यांना जुळवून बघता येतील असे आकडे घेतो: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती, २०१४ सालचं खेळाडूंचं पुस्तक. तुमचा खेळ वेगळा असला तर आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

मी जमिनीवरचा फौजी. पण किट म्हणजे किट. फौजेत प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा असतो: हिचं वजन मी का वाहू? जहाजावर त्याला दुसरा प्रश्न जोडा: हिच्यासकट मी पाण्यात पडलो तर?

सुरुवात चिलखतापासून करू, कारण जीव तिथंच जातो. साखळीचं चिलखत, म्हणजे चेन मेल, ५५ पौंडांचं. आपल्या मापात पंचवीस किलो. बचावाचा आकडा १६, म्हणून नवा खेळाडू डोळे मिटून तेच घेतो. आता घड्याळ लावा. पात्राचा कॉन्स्टिट्यूशनचा बोनस २ धरा. नियमानुसार श्वास रोखता येतो १ अधिक २, म्हणजे तीन मिनिटं. दम संपल्यावर आणखी दोन राउंड, म्हणजे बारा सेकंद. त्यानंतर पात्र शून्यावर. आणि जड चिलखत उतरवायला लागतात पाच मिनिटं! पुस्तकात चिलखतासकट पोहायला बंदी नाही, पण खवळलेल्या पाण्यात डीएम ॲथलेटिक्सचा फासा मागू शकतो, आणि पंचवीस किलो लोखंड अंगावर असणाऱ्याकडे समजूतदार डीएम तो मागणारच.

आता त्याच नियमातली पुढची ओळ बघा. चिलखत उतरवायला कुणाची मदत असेल तर वेळ निम्मा होतो. अडीच मिनिटं. म्हणजे एकटा बुडतो, आणि मागोमाग उडी मारणारा जोडीदार असेल तर तोच माणूस वाचतो. फौजेत त्या जोडीदाराला आम्ही 'बडी' म्हणतो. किटच्या यादीत पहिली नोंद बडीच्या नावाची करा. त्याला पैसे पडत नाहीत आणि वजनही नसतं.

दुसरा मार्ग सरळ आहे: साधं चामड्याचं चिलखत. दहा पौंड, एका मिनिटात उतरतं. डेक्स्टेरिटीचा बोनस ३ असेल तर बचाव १४. साखळीपेक्षा दोन आकडे कमी, पण उतरवायला चार मिनिटं कमी. चपळ पात्रासाठी हा सौदा मी केव्हाही करीन.

शस्त्रांचंही असंच. ज्याला पोहण्याचा स्वतंत्र वेग नाही, त्याला पाण्याखाली जवळच्या शस्त्रानं वार करताना दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. सूट फक्त कट्यार, फेकायचा भाला, आखूड तलवार, लांब भाला आणि त्रिशूळ यांना. खलाशानं कट्यार घ्यावी. एक पौंड वजन, दोन सुवर्णमुद्रा किंमत, आणि अडकलेला दोर कापायलाही तीच. लांब पल्ल्यासाठी क्रॉसबो. पाण्याखाली साध्या धनुष्यापेक्षा तो बरा.

खलाशी पार्श्वभूमी निवडली की पुस्तक स्वतःच काही वस्तू देतं: दोर अडकवायची लाकडी खुंटी, जी सोट्यासारखी वापरता येते, पन्नास फूट रेशमी दोर, नशिबाचा ताईत, साधे कपडे आणि दहा सुवर्णमुद्रा. रेशमी दोराचं वजन पाच पौंड, तागाच्या दोराचं दहा. तो दोर विकू नका. मशालीऐवजी झाकणाचा कंदील घ्या. जहाज म्हणजे लाकूड, डांबर आणि कापड; उघडी ज्योत तिथं शत्रूपेक्षा घातक. जादूगारानं मंत्रांची वही मेणकापडात गुंडाळून ठेवावी.

हे झालं एकेकट्याचं. आता सगळ्यांचं सामान, आणि त्यात सर्वांत मोठं ओझं पाण्याचं. माणशी रोज एक गॅलन, उन्हाळ्यात दोन. वीस माणसं, दहा दिवस: दोनशे गॅलन. एका पिंपात चाळीस मावतात, म्हणजे पाच पिंपं. उष्ण समुद्रात दहा, सुमारे दीड टन. एक पिंप फुटलं की उन्हात वीस जणांचा एक दिवस गेला. राक्षस न आणताही डीएमला इथं खरा ताण उभा करता येतो.

मग कामं वाटा. मार्ग शोधणाऱ्याकडे नौकानयनाची साधनं, वैद्याकडे दहा वेळा पुरणारी औषधपेटी, सुताराकडे त्याची हत्यारं, स्वयंपाक्याकडे भांडी आणि थोडी लिंबं. लिंबं का? १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्हीच्या रुग्णांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले सर्वांत लवकर सुधारले. दोर-शिडांवर देखरेख करणाऱ्या बोसनला आपल्या किनाऱ्यावर सारंग म्हणत. तो शब्द खुशाल वापरा.

शेवटी एक खरं जहाज. 'मेरी रोझ' १५४५ साली इंग्लंडच्या पोर्ट्समथजवळ बुडालं. त्याचा सांगाडा १९८२ साली वर काढला. त्या चिखलात तोफांबरोबर सुतारांची हत्यारं, वैद्याची पेटी आणि केसांच्या फण्याही सापडल्या. शत्रू चढू नये म्हणून डेकवर जाळी ताणलेली होती. जहाज कलंडलं तेव्हा त्याच जाळीनं आपली माणसं अडकवली. वाचले फार थोडे. ज्यानं जाळी बांधली त्यानं पहिला प्रश्न विचारला होता, दुसरा राहून गेला.

आणि ती फणी? तिचा लढाईत काही उपयोग नाही, पण तिच्यावरून कळतं की तिथं माणूस राहत होता. तुमच्या पात्रालाही अशी एक वस्तू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: किटची यादी करा, प्रत्येक वस्तूपुढे दोन्ही प्रश्नांची उत्तरं लिहा, आणि सर्वांत वर बडीचं नाव. पुढच्या भागात जहाजावरच्या पहाऱ्याच्या पाळ्या बघू. तोवर, जय हिंद.