शिवेवर टिकलेलं रान

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत निसर्ग पाहायला जाणारे लोक बहुधा जंगल, नदीकाठ किंवा समुद्रकिनारा गाठतात. माझं म्हणणं असं की, तिथल्या एखाद्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची, शीव पायी चालून पाहिली तर तो मुलूख अधिक उलगडतो. आतली शेतं कितीदा तोडली गेली, जोडली गेली, त्यांचे मालक बदलले. शीव मात्र बऱ्याच ठिकाणी हजार वर्षं जागची हलली नाही. कित्येक शिवांचं वर्णन सॅक्सन राजांच्या सनदांत सापडतं: अमुक ओढ्यापासून तमुक काटेरी झाडापर्यंत, तिथून जुन्या बांधाकडे. दोन गावांच्या मधलं झाडाझुडपांचं कुंपण कुणा एकाला मनमानी करून उपटता येत नसे. रानाला एवढी सलग मुदत शिवेखेरीज फार थोड्या ठिकाणी मिळाली.

ऑक्सफर्डशायरमधल्या अफिंग्टन, वूलस्टन या भागातल्या शिवा पाहाव्यात. दक्षिणेला चुनखडीचे उघडे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी झरे आणि उत्तरेला चिकणमातीचा सखल प्रदेश. गावं वसली ती झऱ्यांच्या ओळीवर. प्रत्येक गावाला डोंगरावर मेंढ्यांसाठी कुरण, उतारावर नांगरट आणि खाली गवताची ओली जमीन हवी होती, म्हणून पॅरिश लांबट, चिंचोळ्या पट्ट्यांसारखे आखले गेले. त्यामुळे एकाच शिवेनं उतरताना काही मैलांत तीन वेगळ्या जमिनी पायाखालून जातात. वरच्या पातळ मातीत ऑर्किड उगवतात आणि आपल्या चंडोलाचा भाऊबंद असलेला स्कायलार्क गातो. झऱ्यांपाशी विलोची झाडं लागतात. खालच्या जड मातीत ओक आणि फील्ड मेपल मिसळलेली दाट कुंपणं सुरू होतात. निसर्ग समजून घेण्यासाठी हा मार्ग कुणी आखला नव्हता. गावाच्या पोटापाण्यासाठी तो आखला गेला आणि म्हणूनच जमिनीचे सगळे थर त्याच्यावर येतात.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. शीव चालण्याच्या प्रथेला रानावनाचं प्रेम म्हणायचं का? अजिबात नाही. वसंतात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीच्या दिवसांत, पाद्री, म्हातारे आणि पोरं मिळून शीव फिरत. खुणेच्या दगडावर पोरांना आपटत किंवा छडी मारत, म्हणजे ती जागा जन्मभर लक्षात राहावी आणि पन्नास वर्षांनी साक्ष देता यावी. शिवेवर पैसा अवलंबून होता: चर्चला द्यायचा दशमांश कुणाचा, आणि 1601 च्या कायद्यानंतर गरिबांना पोसायचं कुणी. 1662 पासून तर बाहेरून आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशात परत हाकलता येई. या क्रौर्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण डोळ्यांत तेल घालून शीव राखली गेली ती याच हिशेबामुळे, आणि तिच्या आडोशानं झाडंझुडपंही राखली गेली. 1841 नंतर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या मोजणीदारांना स्थानिक जाणकार शीव दाखवत फिरले. ती कुंपणाच्या मधोमध आहे की मुळापासून चार फुटांवर, हेदेखील नकाशावर नोंदलं गेलं.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. मॅक्स हूपर या संशोधकानं 1970 च्या दशकात एक ढोबळ नियम मांडला: कुंपणाच्या 30 यार्डांत झाडाझुडपांच्या जितक्या जाती, साधारण तितकी शतकं त्याचं वय. टीकाकार म्हणतात की, पुष्कळ कुंपणं मुळातच मिश्र जातींची लावलेली असतात आणि प्रदेशागणिक हिशेब बदलतो. हे खरंच आहे. या नियमावरून सन ठरवू नये. पण माझा मुद्दा त्या आकड्यावर उभा नाही. ब्लूबेल आणि डॉग्ज मर्क्युरी या रानवनस्पती फार सावकाश पसरतात. त्या कुंपणाच्या बुंध्याशी आढळल्या, तर ते कुंपण जुन्या जंगलाची उरलेली कड असण्याचा संभव मोठा. हेझेल डॉर्माउस या छोट्या प्राण्यालाही फांद्यांची सलग वाट लागते, आणि ती लावून लगेच मिळत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेतं वाटून घेताना लावलेल्या हॉथॉर्नच्या सरळ ओळींतही पाखरं नांदतात, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण तोडलेली सरळ ओळ पुन्हा लावता येते. जंगलाची कड लावता येत नाही.

कायद्यानं हे अंशतः ओळखलं आहे. 1997 च्या नियमांनुसार, तीस वर्षांहून जुनं आणि 1850 पूर्वीच्या पॅरिशची शीव दाखवणारं कुंपण ‘महत्त्वाचं’ ठरतं आणि ते उपटण्यास मनाई करता येते. छाटणीचा प्रश्न मात्र तिथे सुटत नव्हता. 2024 च्या नियमांनी इंग्लंडमध्ये 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात शेतातली कुंपणं छाटण्यावर साधारणपणे बंदी आणली. पाखरांच्या विणीला त्याचा मोठा आधार आहे. पण ब्राउन हेअरस्ट्रीक हे फुलपाखरू उन्हाळ्याच्या अखेरीस ब्लॅकथॉर्नच्या कोवळ्या फांद्यांवर अंडी घालतं आणि ती अंडी वसंतापर्यंत तिथेच राहतात. बंदी उठल्यावर यंत्र फिरलं की त्याच फांद्या आधी जातात. सगळ्या बाजू दरवर्षी न छाटता आलटून पालटून दोन-तीन वर्षांनी छाटल्या तर पुष्कळ अंडी वाचतात. मात्र कोणत्या बाजूला हात लावायचा नाही हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी हिवाळ्यात भिंग घेऊन, फांदीन् फांदी तपासत शीव चालावी लागते, आणि फुलपाखरांसाठी झटणारे स्वयंसेवक आज ते काम करत आहेत.