वाघाआधी चांदा

जटपुरा दरवाज्याखाली सकाळचे साडेनऊ वाजलेत. गर्दी अशी की वरचं शिल्प पाहायला मान उचलावी, तर मागची स्कूटी टाचेवर येते. तरी मी उभा आहे. दगडात कोरलेला सिंह, आणि मांजराने उंदीर दाबावा तसा त्याच्या पंजाखाली हत्ती. गोंड राजांचं हे राजचिन्ह. खऱ्या रानात या दोघांची गाठ पडली तर काय होईल ते होवो, चांद्याच्या दगडात निकाल कधीच लागलेला आहे. सिंहाच्या अगदी नाकासमोर कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फडफडतोय. कमानीतून शाळेच्या व्हॅन, दुधाचे कॅन, मागे बांबूचे ताटवे बांधलेली सायकल आणि हॉर्नवरून हात न काढणारा एक मोटारसायकलवाला, सगळे एकाच वेळी आत शिरायला बघताहेत.

"बाजूनं व्हा ना जी," एक ऑटोवाले काका ओरडतात. मग ऑटो थांबवून विचारतात, "कोठी जायचं? मोहर्ली?"

"परकोट पाहायचा आहे."

काका मला खालीवर पाहून घेतात. "बाहेरचे लोक ताडोबा म्हनते. परकोट कोनी म्हनत नाही. बसा."

त्यांचं खरं आहे. बाहेरून येणारा माणूस चंद्रपूर स्टेशनवर उतरतो, जिप्सीवाल्याला फोन करतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या मोहर्ली गेटकडे निघून जातो. शहर त्याला फक्त काचेतून दिसतं, तेही झोपेत. ताडोबा १९५५ सालचं, राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, त्याचा मान त्याला मिळायलाच हवा. पण वाघ दाखवणाऱ्या गावाला स्वतःचं काही दाखवायचं असतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. उरलेल्या महाराष्ट्राला तर चांदा ठाऊक आहे तो 'चांद्यापासून बांद्यापर्यंत' म्हणण्यापुरता. १९६४ साली चांद्याचं चंद्रपूर झालं. म्हणीने आणि रेल्वेने ते अजून मनावर घेतलेलं नाही. गोंदियाकडे जाणाऱ्या मार्गावरच्या दुसऱ्या स्टेशनची पाटी आजही 'चांदा फोर्ट' अशीच आहे.

बगड खिडकीशी काका ऑटो लावतात. शहराला चार दरवाजे आहेत: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. आणि पाच खिडक्या: चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि ही बगड. खिडकी म्हणजे तटातली छोटी वाट. मसाण खिडकीतून कोण बाहेर जायचं ते सांगायला नको. चोर खिडकीबद्दल मात्र काका छातीठोकपणे एक गोष्ट सांगतात, जी मला अजिबात पटत नाही आणि म्हणून इथे लिहीत नाही.

तटावर चढायला पायऱ्या आहेत. वरून चालता येतं, आणि ते येतं याचं श्रेय बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या पोरांना. २०१७ पासून त्यांनी महिनोन् महिने रोज सकाळी हातात कुऱ्हाड-फावडं घेऊन झाडोरा, कचरा आणि माती काढली. त्याआधी हा भाग बाभळीत बुडालेला होता. सुमारे अकरा किलोमीटरचा हा वेढा आहे, पंधरा-वीस फूट उंच. आतल्या बाजूला माझ्या पायाच्या पातळीवर घरांच्या गच्च्या: पापड वाळताहेत, एक आजी मोहफुलं पसरते आहे, एक मुलगा अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल बघतोय. बाहेरच्या बाजूला झुडपं, मग झरपट नदी. नदी म्हणायची, पण चैत्रात तिला जेमतेम ओल आहे. जी आहे ती गटारांच्या कृपेने.

हा तट असा वाकडातिकडा का, याची कथा चांद्यात प्रत्येकाला येते. बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला निघाला, तहान लागली, झरपटच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यात पाणी दिसलं. ते प्यायला, तोंड धुतलं, रात्री गाढ झोपला आणि सकाळी गाठी गायब. पुढे तिथेच एक नवल घडलं: कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा पुढे, ससा मागे. राणीने सल्ला दिला की ही भूमी शूरांची आहे, ससा जिथून धावला त्या वाटेवर तट बांधा. खांडक्याने पाया घातला, बांधकाम पुढच्या राजांनी नेलं. कथा खरी मानायची तर हा ससा अकरा किलोमीटर धावला. तट बघितल्यावर तेही खरं वाटू लागतं, कारण शहाण्या गवंड्याने इतकी वळणं घेतली नसती.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी याच तटाला खिंडार पाडलं. गोंडांचं राज्य त्याआधीच, १७५१ साली, नागपूरकर भोसल्यांनी घेतलं होतं. पण गोंडांचा चांद्यावरचा हक्क एवढ्याने सुटला नाही. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला बाबुराव शेडमाके या बंड करून उठलेल्या तरुण गोंड जमीनदाराला इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. दरवर्षी त्या तारखेला अहेरी, एटापल्ली, राजुरा, जिवतीकडची माणसं गाड्या करून तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाशी येतात.

अकरा वाजत आलेत आणि ऊन बोलायला लागलंय. चंद्रपूरचं ऊन म्हणजे नुसती उष्णता नव्हे. दगडही तापलेला, वाराही तापलेला, ऑटोची सीटही. पारा सत्तेचाळीसवर गेला तर इथल्या वर्तमानपत्रात मोठा मथळा होतो, पण गोलबाजारात भाजीचा भाव तेवढाच राहतो. लोक कांदा खिशात ठेवतात, दुपट्टा डोक्याला असा गुंडाळतात की फक्त डोळे उरतात, आणि कामाला लागतात.

महाकाली मंदिराच्या बाजूला यात्रा भरली आहे. चैत्र पौर्णिमेपर्यंत ती चालते आणि यात्रेकरू बहुतेक मराठवाड्याचे: नांदेड, परभणी, हिंगोली. चंद्रपूरचा माणूस देवीला जातोच, पण यात्रा खऱ्या अर्थाने त्यांची. ट्रकच्या सावलीत तीन दगडांची चूल, वर पातेलं, शेजारी झोपलेलं मूल. एक पोतराज कडक आसूड हवेत फिरवतो, आवाज फटाक्यासारखा फुटतो आणि बाजूचं कुत्रं चार पावलं मागे सरतं. हळदीने पिवळं झालेलं कपाळ घेऊन एक बाई मला विचारते, "कुठून आलाव बाबा?" मी सांगतो. "लांबून आलाव," ती म्हणते. ती स्वतः लोह्याहून आली आहे, रात्रभर टेम्पोत उभ्याने. मंदिरात दोन रूपं आहेत. एक वर, दुसरं खाली भुयारात, आडवं. खाली जायची रांग इतकी आहे की मी वरच नमस्कार करून निघतो.

जवळच अंचलेश्वराचं देऊळ आणि त्याच्या आवारात बीरशाह राजाची समाधी. ती त्याच्या राणीने, हिराईने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली. राजाने राणीसाठी नव्हे, राणीने राजासाठी उभारलेली वास्तू; ताजमहालाची गोष्ट उलटी फिरवली तर ती इथे येऊन थांबते. पण हिराईने केवळ शोक केला नाही. दत्तक मुलगा लहान असताना राज्यही चालवलं, देवळंही दुरुस्त केली. समाधीच्या कोरीव दगडांवर शेंदूर नाही, गर्दी नाही. दोन पोरं सावलीत पत्ते खेळताहेत.

"आता रावन दाखवतो," काका म्हणतात.

भिवापूर-लालपेठच्या वस्तीत, घरांच्या मध्ये, उघड्यावर, प्रचंड दगडी मूर्ती पडून आहेत. एकेक मूर्ती एकाच दगडातली. सर्वांत मोठी जमिनीवर आडवी आहे: दहा तोंडं, हात किती ते मोजताना मी चुकतो. ही दशमुखी दुर्गा. पण दहा तोंडं म्हटल्यावर वस्तीने तिचा रावण करून टाकला, आणि नळावरून घागर घेऊन जाणाऱ्या मावशीही मला तेच सांगतात. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याला मोठं देऊळ बांधायचं होतं. मूर्ती झाल्या, देऊळ व्हायच्या आत तो गेला. हे 'अपूर्ण देवालय'. मी दुर्गेच्या एका तळहाताशेजारी माझा हात ठेवून बघतो. तिच्या बोटाची जाडी माझ्या मनगटाएवढी. दगड इतका तापलेला आहे की हात लगेच उचलावा लागतो. दुसऱ्या कुठल्या राज्यात हे असतं तर तिकीट असतं, छत्री असती, गाइड असता. इथे एक पुरातत्त्व खात्याची पाटी आहे आणि शेळ्या आहेत.

लालपेठच्या पलीकडे कोळसा सुरू होतो. खरं म्हणजे चंद्रपूर कोळशावरच बसलं आहे. जिल्ह्यातली पहिली खाण इंग्रजांनी वरोऱ्याला १८७० च्या दशकात काढली, पुढे ती बंद पडली, पण मग राजुरा, बल्लारपूर, माजरी, पद्मापूर, दुर्गापूर असा खाणींचा फेराच झाला. शहराबाहेर पडताना क्षितिजावर टेकड्यांची एक रांग दिसते, हिरवी-तपकिरी, माथा सपाट. पाहुणा हमखास विचारतो, "हे कोणते डोंगर?" नकाशात शोधू नका. हे उघड्या खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे. खाणवाले त्याला 'ओबी' म्हणतात. त्यावर झाडं लावली, वेडी बाभूळ आपोआप आली, रानडुकरं आली आणि त्यांच्या मागे वाघ आला. माणसाने केलेल्या डोंगरात वाघ मुक्कामाला असलेलं दुसरं शहर मला माहीत नाही.

दुर्गापूरकडे महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी लागतात. २९२० मेगावॉट क्षमता, महानिर्मितीचं सर्वांत मोठं केंद्र. इथल्या विजेवर राज्यातली किती शहरं थंड राहतात ते त्या शहरांनाही ठाऊक नसावं. शहराच्या वाट्याला येते ती राख. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले तेव्हा चंद्रपूर वरून चौथं आलं होतं, ८३.८८ गुण घेऊन. एवढे गुण दहावीला मिळाले असते तर पेढे वाटले असते, असं काका म्हणतात. हा विनोद त्यांनी आधीही केला असणार.

केंद्राच्या कुंपणाला लागून झुडपी जंगल. २०२२ च्या फेब्रुवारीत इथेच एका कामगाराला वाघाने नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुर्गापुरातल्या एका मुलाला बिबट्याने. रात्रपाळीचा माणूस सायकलवर एकटा जायला नको म्हणतो ते त्यामुळे. मुंबई-पुण्याचा माणूस जो वाघ पाहायला हजारो रुपये भरतो तो इथे पाळी सुटताना फुकट भेटू शकतो, आणि त्याला कुणीही भेटू इच्छीत नाही.

दुपारी तीनला बसस्थानकाशेजारच्या पानठेल्यावर थांबतो. समोर गाड्यांच्या पाट्या: मूल, सिंदेवाही, गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा. पाट्या वाचल्या तरी जंगल सुरू झाल्यासारखं वाटतं. सिरोंचा इथून दोनशे किलोमीटरच्या घरात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघाला. जंगल, प्राणहिता, इंद्रावती सगळं घेऊन गेला, रेल्वे मात्र फारशी नेऊ शकला नाही. आख्ख्या जिल्ह्याला वापरातलं स्टेशन एकच, वडसा. म्हणून आजही भामरागडचा माणूस दवाखान्याला, बाजाराला, गाडीला चंद्रपुरात उतरतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते २०२३ साली याच पट्ट्यातून, बल्लारपूरच्या डेपोतून. आलापल्लीच्या सागाला तोड नाही, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

ठेलेवाला खर्रा घोटतोय. फळीवर प्लास्टिकचा कागद, त्यात सुपारीचे खांड, तंबाखू, चुना. वरून कागद दुमडून तळहाताने घासतो, पुढे-मागे, पुढे-मागे, मनगट न थांबता. सुपारी तांबूस होते, चुरा चिकट होतो, मग कागदाला पीळ देऊन पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाईक बारावीतला पोरगा असावा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ च्या एप्रिलमध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. खर्ऱ्याला कुणी हात लावू शकलं नाही. सुगंधी तंबाखूवर बंदी आहे म्हणतात, आणि तो समोर घोटला जातोय. इथल्या दंतवैद्याला विचारा, तोंड न उघडणारे रुग्ण किती येतात ते. मला हे दृश्य वाघापेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

काका भाड्याचे पैसे मोजून घेतात. "दीक्षाभूमी राह्यली तुमची," ते म्हणतात. खरंच राहिली. बाबासाहेबांनी १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा दिली हे सगळ्यांना माहीत असतं. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपूरला आले आणि इथेही हजारोंना दीक्षा दिली, हे चंद्रपूरबाहेर फार कमी जणांना माहीत आहे. दरवर्षी त्या दिवसांत इथे माणसांचा पूर येतो.

ताडोबाचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो. तुम्ही सफारीचं बुकिंग कराल तेव्हा एक दिवस आधी या किंवा एक दिवस जास्त राहा, आणि मंगळवार चंद्रपूरला द्या. तटावर सकाळी आठच्या आत चढा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि दुर्गेच्या मूर्तीवर पाय ठेवून फोटो काढू नका.