चित्रदर्शनाचे सीमोल्लंघन

विजयादशमीस गावाची वेस ओलांडून ईशान्येकडे जावे, शमीपूजन करावे आणि आपट्याचे सोने घेऊन परतावे, असा आपला परंपरागत शिरस्ता. पाटीवर एकाचे आकडे जुळवून काढलेली सरस्वती हे महाराष्ट्रातील असंख्य बालकांच्या हातून उतरलेले पहिले चित्र होय. विद्येची देवता आपल्या घरी प्रथम रेषारूपाने येते. असे असता मोठेपणी आपण मानू लागतो की, चित्र ही चित्रकारांची व धनिकांची मिरास, त्यातले आपणांस काय कळणार? मनाने घातलेली ही एक वेसच नव्हे काय? यंदा ती ओलांडण्याचा विचार करू.

शास्त्राचा कौल या बाबतीत स्पष्ट आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात ‘चित्रसूत्र’ नावाचे प्रकरण आहे. त्यात मार्कण्डेय ऋषी वज्र राजास सांगतात की, आचार्य चित्रातील रेषा वाखाणतात, जाणते छायाप्रकाशाचे काम पाहतात, स्त्रिया अलंकार न्याहाळतात आणि इतर जनांना रंगांची समृद्धी मोहविते. वाचकहो, त्या ‘इतर जनां’कडे लक्ष द्यावे. ऋषींनी त्यांना दाराबाहेर ठेवलेले नाही. रेषा कळो वा न कळो, ज्याला रंग भावला तोही चित्राचा प्रेक्षकच होय.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक तर चित्रदर्शनाचाच आहे. लक्ष्मण श्रीरामांना व सीतामाईंना त्यांच्याच चरित्राची चित्रे दाखवितो. शूर्पणखेचे चित्र समोर येताच सीता भयाने व्याकुळ होते, आणि हे केवळ चित्र आहे, असे सांगून रामांना तिचे सांत्वन करावे लागते. तिघांपैकी कोणीही चित्रकार नव्हे. पाहणाऱ्याजवळ काळीज असले की चित्र बोलू लागते, हेच तेथे कवीने दाखविले आहे.

हे ध्यानी धरून मुंबईच्या जुन्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, पायी हिंडावे. आरंभ महात्मा जोतिबा फुले मंडईपासून करावा. 1869 साली पूर्ण झालेल्या या मंडईच्या प्रवेशद्वारांवर लॉकवुड किपलिंग यांनी योजिलेली शेतकरी जीवनाची शिल्पे आहेत. भाजी घेण्यास येणाऱ्याने मान वर केली, तर ती भाजी पिकविणाराच त्याला दगडात भेटतो.

हे किपलिंग शेजारच्या सर ज. जी. कलाशाळेत अध्यापक होते. 1857 साली स्थापन झालेल्या याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी पुढे जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या आणि 1885 च्या आगीत त्यांतील बऱ्याच भस्मसात झाल्या. मूळ चित्रे काळाच्या तडाख्याने झिजत असता त्यांची राखण करण्यास निघालेल्या प्रतीच आधी गेल्या! चित्र किती नाशवंत असते, आणि जे आज समोर आहे ते आजच डोळे भरून का पाहावे, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

तेथून थोडे पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू उभी आहे. 1888 साली ती पूर्ण झाली. तिच्या दगडांतील मोर, माकडे व वेलबुट्टी यांच्या कोरीव कामात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. 2004 साली ती जागतिक वारशात गणली गेली. लोकल गाठण्याच्या घाईत तिच्याखालून रोज लोंढे वाहतात, पण क्षणभर थांबून वर पाहणारा विरळाच.

दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेस चालत गेले की हुतात्मा चौक लागतो. 1864 साली उभारलेल्या कारंज्यावर रोमन लोकांची पुष्पदेवता फ्लोरा उभी आहे आणि तिच्या शेजारी, संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचलेल्यांच्या स्मरणार्थ, मशाल धरलेले शेतकरी व कामगार. एकीला परकीय राजवटीने बसविले, दुसऱ्यांना लोकांच्या लढ्याने. शहराची बखर अशी चौकाचौकांत उघडी पडलेली असते.

याच बखरीचे एक पान म्हणजे काळा घोडा. एडवर्ड राजपुत्राचा हा अश्वारूढ पुतळा 1879 पासून येथे होता. 1965 साली तो हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. राजपुत्र गेला, घोडाही गेला, पण लोकांच्या तोंडी बसलेले ‘काळा घोडा’ हे नाव गेले नाही. अखेर 2017 साली तेथे पुन्हा घोडा आला, तो मात्र स्वाराविना. पुतळा कोणाचा हे राज्यकर्त्यांनी ठरविले, त्याची ओळख मात्र लोकांनी ठरविली.

येथून चार पावलांवर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आहे. मेवाडच्या जगत्सिंह राण्यासाठी 1649 ते 1653 या काळात सिद्ध झालेल्या सचित्र रामायणाची काही पाने या संग्रहात आहेत. ग्रंथाचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. 2014 साली दोन्ही संस्थांनी ही विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणली. भवभूतीने कल्पिलेले चित्रदर्शन आपणांस असे घरबसल्या घडू शकते.

शेजारी जहांगीर कलादालन आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते 1952 साली उभे राहिले. संग्रहालयास आणि समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनास प्रवेशमूल्य आहे, येथे तिकीट नाही. तरीही बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसलेल्या कलावंतांपाशी जो सहज रेंगाळतो, तोच पायऱ्यांपाशी मात्र अडखळतो. आपले कपडे, आपली भाषा, आपले अज्ञान या साऱ्यांची त्याला लाज वाटते. द्वारपाल त्याला अडवीत नाही. तो स्वतःच स्वतःला अडवितो.

येथेच खरे सीमोल्लंघन आहे. कीर्तनाला बसणाऱ्यास कोणी रागाचे नाव विचारीत नाही. ऐकता ऐकता कान तयार होतो. डोळ्याचेही तसेच आहे. दहा चित्रांवरून नजर फिरविण्यापेक्षा एकाच चित्रापुढे पाच मिनिटे उभे राहावे. आधी रंग पाहावा, मग रेषा, मग भाव. कळले नाही तर चित्रकार पुष्कळदा दालनातच बसलेला असतो, त्याला विचारावे. आपले चित्र कोणी मनापासून पाहिले, याहून मोठी दक्षिणा त्याला कोणती?

दसऱ्याच्या गर्दीचा दिवस टाळून पुढल्या सुटीत मुलांना घेऊन जावे. सोमवारी राष्ट्रीय कलादालन बंद असते, एवढे लक्षात ठेवावे. परतताना ‘काय समजले?’ असे मुलांस विचारू नये, ‘काय पाहिले?’ असे विचारावे. त्यांचे उत्तर ऐकताना आपण काय पाहावयाचे राहून गेलो, तेही उमगेल.